वर्षाचं नंबर वन गाणं कुणाच्या हिशेबाने? ऑनलाइन चार्टच्या वार्षिक याद्यांचं परीक्षण

२०२४ सालचं सगळ्यात लोकप्रिय गाणं कोणतं, असं विचारलं तर चार अधिकृत उत्तरं मिळतात. स्पॉटिफायच्या जागतिक यादीत सबरिना कार्पेंटरचं 'एस्प्रेसो', १६० कोटींहून अधिक स्ट्रीम. आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे बेन्सन बूनचं 'ब्यूटिफुल थिंग्ज', २११ कोटी. अमेरिकेच्या बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या हॉट १०० चार्टमध्ये टेडी स्विम्सचं 'लूज कंट्रोल'. आणि ब्रिटनच्या ऑफिशियल चार्टवर नोआ काहानचं 'स्टिक सीझन', जे मुळात जुलै २०२२ मध्ये आलेलं आहे.

चौघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. प्रत्येकाचा देश वेगळा, मोजण्याची वस्तू वेगळी आणि गंमत म्हणजे वर्षसुद्धा वेगळं. डिसेंबर आला की या याद्या धडाधड शेअर होतात आणि त्याखाली 'आमचं गाणं का नाही' यावर भांडणं जुंपतात. ती भांडणं बहुतेक वेळा गाण्याची नसतातच, हिशेबाची असतात. म्हणून इथे गाण्यांचं नाही, तर या याद्या देणाऱ्या सेवांचं परीक्षण आहे: कुणाचा आकडा कशासाठी वापरावा आणि कुठे सांभाळून राहावं.

सुरुवात बिलबोर्डपासून, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. हॉट १०० हा चार्ट ४ ऑगस्ट १९५८ पासून आहे आणि तो आजही मिश्र चार्ट आहे. त्यात स्ट्रीमिंग, रेडिओवर गाणं ऐकणाऱ्यांची संख्या आणि विक्री या तिन्हींची बेरीज होते. इथेच स्पॉटिफायशी फारकत होते. रेडिओ हळू चालतो. एखादं गाणं स्ट्रीमिंगवर ओसरायला लागतं तेव्हा रेडिओवाल्यांना ते नुकतं सापडलेलं असतं, आणि मग ते महिनोन् महिने वाजवलं जातं. 'लूज कंट्रोल' जून २०२३ मध्ये आलं, हॉट १०० वर पहिल्या क्रमांकावर जेमतेम एक आठवडा राहिलं, तरी २०२४ च्या वार्षिक यादीत सगळ्यांच्या वर. 'एस्प्रेसो' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकाच्या वर कधी गेलंच नाही.

पहिला क्रमांक एकदाही न मिळवता वर्षाचं अव्वल गाणं ठरण्याचा प्रकार हॉट १०० च्या इतिहासात चार वेळा झाला आहे: १९६५, २०००, २००१ आणि २०२१. यातलं शेवटचं गाणं दुआ लिपाचं 'लेव्हिटेटिंग', ज्याची झेप दुसऱ्या क्रमांकापर्यंतच होती. वार्षिक यादी ही आठवडी चार्टांची बेरीज असते. बेरजेत उंच उडीपेक्षा टिकाव जिंकतो. दोन आठवडे डोक्यावर घेतलेलं आणि मग विसरलं गेलेलं गाणं वार्षिक यादीत तिसाव्या-चाळिसाव्या जागी दिसलं तर त्यात घोटाळा शोधू नये.

ही बेरीज पूर्वी आणखी ढोबळ होती. क्रमांकांना गुण द्यायचे आणि गुणांची बेरीज करायची. त्यामुळे दणकून खपलेला पहिला क्रमांक आणि मंदीच्या आठवड्यातला पहिला क्रमांक यांना सारखेच गुण. ३० नोव्हेंबर १९९१ च्या चार्टपासून हॉट १०० साठी दुकानांतल्या विक्रीचे आणि रेडिओ प्रक्षेपणाचे प्रत्यक्ष नोंदलेले आकडे वापरात आले आणि मग वार्षिक हिशेबही खऱ्या आकड्यांवर गेला. म्हणजे ऐंशीच्या दशकातली वार्षिक यादी आणि आजची यादी शेजारी ठेवून 'तेव्हाची गाणी बघा आणि आताची बघा' म्हणणारे दोन वेगळ्या मापांनी मोजत असतात.

आता बिलबोर्डचं वर्ष. ते १ जानेवारीला सुरू होत नाही. २०२४ च्या वार्षिक यादीत २८ ऑक्टोबर २०२३ ते १९ ऑक्टोबर २०२४ या तारखांचे आठवडी चार्ट धरले होते. त्याआधीच्या काही वर्षांत हीच रेघ नोव्हेंबरच्या मध्याजवळ होती. कारण साधं आहे: डिसेंबरमध्ये यादी छापायची तर हिशेब आधी बंद करावा लागतो. पण परिणाम मोठा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गाजलेलं गाणं पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होतं. नाताळची गाणी तर कायमच एक वर्ष पुढे ढकललेली असतात. शरद ऋतूत आलेल्या गाण्याचं यश दोन वर्षांत चिरलं जातं आणि दोन्हीकडे ते मधल्या कुठल्यातरी जागी अडकतं. वार्षिक यादीत वर यायचं असेल तर बिलबोर्डच्या दृष्टीने गाणं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणं सगळ्यात फायद्याचं.

दुसरी मेख याहून कमी लोकांना माहीत आहे. बिलबोर्डच्या वार्षिक बेरजेत गाणं ज्या आठवड्यांत चार्टवर होतं तेवढेच आठवडे धरतात. चार्टवर येण्याआधीचे आणि चार्टवरून उतरल्यानंतरचे स्ट्रीम हिशेबात नाहीत. त्यात चार्टवरून उतरवण्याचेही नियम आहेत. अनेक वर्षं नियम असा होता की २० आठवडे झाल्यावर गाणं ५० च्या खाली गेलं की काढायचं, आणि ५२ आठवड्यांनंतर २५ च्या खाली गेलं की काढायचं. ऑक्टोबर २०२५ पासून तो आणखी कडक केला: २६ आठवड्यांनंतर २५ ची, ५२ आठवड्यांनंतर १० ची आणि ७८ आठवड्यांनंतर ५ ची रेघ. नव्या गाण्यांना जागा मिळावी म्हणून हे ठीकच आहे. पण लोक ऐकतच आहेत आणि गाणं चार्टवरून गायब, मग ते ऐकणं वार्षिक यादीतूनही गायब, अशी साखळी तयार होते. याच कारणाने ल्युमिनेट ही आकडे पुरवणारी कंपनी स्वतः जो कॅलेंडर वर्षाचा अहवाल काढते, त्यातला क्रम बिलबोर्डच्या यादीशी जुळत नाही. आकडे एकाच कोठारातले, कापणी वेगळी.

सेवा म्हणून बिलबोर्डची वार्षिक पानं सुटसुटीत आहेत आणि पद्धत कुठेतरी तळाशी का होईना, लिहिलेली असते. मात्र यादीत क्रमांक दिसतो, त्यामागची बेरीज दिसत नाही. पहिल्या आणि दुसऱ्यात केसाचं अंतर होतं की दरी, कळायला मार्ग नाही. जुन्या चार्टांचा संग्रह नीट धुंडाळायचा तर पैसे भरून सदस्य व्हावं लागतं.

ब्रिटनचं ऑफिशियल चार्ट्सचं संकेतस्थळ या बाबतीत सरस. १४ नोव्हेंबर १९५२ च्या पहिल्या चार्टपासूनचे आठवडे तिथे फुकट पाहता येतात, तारखेनुसार मागे-पुढे जाता येतं आणि प्रत्येक गाण्याच्या पानावर त्याचा आठवड्यागणिक प्रवास मिळतो. नियमपुस्तिकाही जाहीर आहे. फक्त ती वाचल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये. जुलै २०१४ मध्ये स्ट्रीम पहिल्यांदा धरले तेव्हा १०० स्ट्रीम म्हणजे १ विक्री असं गुणोत्तर होतं. जानेवारी २०१७ मध्ये ते १५० झालं. जुलै २०१८ पासून पैसे भरणाऱ्या श्रोत्याचे १०० आणि फुकट ऐकणाऱ्याचे ६०० स्ट्रीम म्हणजे १ विक्री, आणि व्हिडिओचे स्ट्रीमही आत आले. शिवाय गाणं ठरावीक आठवडे जुनं होऊन सलग ३ आठवडे घसरलं की गुणोत्तर दुप्पट होतं: २०० आणि १,२००. म्हणजे एका आठवड्यात गाणं ८ वरून थेट २२ वर आदळलं तर श्रोते पळाले असं समजू नये. बहुतेक वेळा फक्त भाजक बदललेला असतो. ब्रिटिश आठवडी चार्ट वाचताना सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

तिथला आणखी एक नियम म्हणजे एका मुख्य कलाकाराची एका वेळी जास्तीत जास्त ३ गाणी. मार्च २०१७ मध्ये एड शीरनची १६ गाणी पहिल्या २० मध्ये घुसली, त्यानंतर जुलैमध्ये हा बांध घातला गेला. अमेरिकेत असा बांध नाही, म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टने हॉट १०० च्या पहिल्या दहाही जागा घेतल्या. अशा कलाकाराच्या अल्बममधलं चौथं गाणं अमेरिकेत वरच्या दहांत दिसेल आणि ब्रिटनच्या चार्टवर त्याचा पत्ताच नसेल. नावड वगैरे काही नाही, नियम आडवा आलेला असतो.

तारखांचा घोळ मात्र सगळ्यांचा मिळून आहे. १० जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात आणि चार्टचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार धरला जातो. इथपर्यंत एकमत. पण २९ डिसेंबर २०२३ ते ४ जानेवारी २०२४ हा एकच आठवडा घ्या. स्पॉटिफायच्या फाइलवर त्याची तारीख ४ जानेवारी असते, कारण ते आठवड्याचा शेवटचा दिवस लिहितात. ब्रिटिश चार्टवर ५ जानेवारी, कारण ते जाहीर करण्याचा दिवस लिहितात. बिलबोर्डवर १३ जानेवारी, कारण तिथे पुढच्या शनिवारची तारीख टाकण्याची छापील नियतकालिकांची जुनी रीत आहे. तारखा जुळवून तीन चार्ट शेजारी लावले तर प्रत्यक्षात वेगवेगळे आठवडे शेजारी येतात, आणि मग 'हे गाणं आधी स्पॉटिफायवर चढलं आणि आठवड्याने अमेरिकेत' असले निष्कर्ष निघतात. 'लास्ट ख्रिसमस' हे १९८४ चं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्यांदा अव्वल ठरलं ते १ जानेवारी २०२१ च्या चार्टवर. ऐकलं गेलं सगळं २५ ते ३१ डिसेंबर २०२० दरम्यान, मान मिळाला २०२१ ला.

स्पॉटिफाय चार्ट्स हे ज्यांना स्वतः हिशेब करायचा आहे त्यांच्यासाठी सगळ्यात कामाचं साधन. फुकट खात्याने लॉगिन करावं लागतं, एवढीच अट. जागतिक आणि देशनिहाय २०० गाण्यांचे रोजचे आणि आठवडी चार्ट २०१७ पासून मिळतात आणि प्रत्येकाची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) उतरवता येते. मुख्य म्हणजे क्रमांकाशेजारी स्ट्रीमचा प्रत्यक्ष आकडा असतो. दुसरं कुणी इतक्या सहज देत नाही. गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम. चार्टसाठी मात्र फुगवलेले आकडे गाळणारं सूत्र लावलेलं असतं, म्हणून ॲपमध्ये गाण्याखाली दिसणारा एकूण आकडा आणि चार्टांची बेरीज जुळणार नाही. जुळवण्याचा खटाटोपही करू नये.

वर्षाची यादी स्वतः बांधायची तर आठवडी फाइल घ्याव्यात, रोजच्या ३६५ च्या नादी लागू नये. ५२ फाइल, प्रत्येकी २०० ओळी, म्हणजे १०,४०० ओळींचा एक तक्ता. प्रत्येक फाइलमधल्या ओळींना तिची तारीख एका नव्या स्तंभात लिहून मगच त्या एकाखाली एक जोडा. नंतर कोणती ओळ कोणत्या आठवड्याची हे सांगणारं आत काहीच नसतं.

एक्सेलमध्ये फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. बियॉन्से, रोसालिया यांसारख्या नावांतली चिन्हं आणि कोरियन अक्षरं मोडून कचरा होतो. डेटा टॅबमधून मजकूर फाइल म्हणून आयात करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि गाण्याच्या नावाचा स्तंभ 'टेक्स्ट' म्हणून ठरवा. हे शेवटचं विसरलं की '१०:३५' नावाचं गाणं एक्सेल घड्याळातली वेळ समजतं आणि पेशीत एक अपूर्णांक बसवतं.

मग पिव्होट टेबल, म्हणजे ओळींचे गट करून बेरजा काढणारा एक्सेलचा तक्ता. ओळींमध्ये गाण्याचं नाव नको, यूआरआयचा (स्पॉटिफायने गाण्याला दिलेल्या ओळखखुणेचा) स्तंभ घ्या, कारण एकाच नावाची वेगवेगळी गाणी असतात. मूल्यात स्ट्रीमची बेरीज, शेजारी आठवड्यांची मोजणी आणि क्रमांकाचा किमान आकडा. फाइलमध्ये आधीपासून सर्वोच्च क्रमांकाचा आणि चार्टवरच्या आठवड्यांचा स्तंभ असतो, पण तो वापरण्याचा मोह टाळा. तो गाण्याच्या सगळ्या आयुष्याचा आहे, या वर्षाचा नाही. तीन वर्षांपूर्वी पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं यंदा १५० च्या आसपास रेंगाळत असलं तरी त्या स्तंभात १ च दिसतं. मागील क्रमांकाच्या स्तंभातला उणे १ म्हणजे गाणं मागच्या चार्टवर नव्हतं. त्याची सरासरी काढणारेही महाभाग आहेत.

बेरीज झाल्यावर पहिल्या ५० गाण्यांची नावं डोळ्यांनी तपासा. सिंगल म्हणून, म्हणजे एकटंच, आलेलं गाणं आणि नंतर अल्बममध्ये आलेलं तेच गाणं कधी कधी दोन यूआरआयखाली असतं, आणि मग ते यादीत दोनदा, दोन्ही ठिकाणी अर्धवट दिसतं. अशा जोड्या हाताने एकत्र कराव्या लागतात. रिमिक्स एकत्र धरायचं की नाही हे आधी ठरवा आणि सगळ्यांना तोच नियम लावा.

राहिली २०० च्या खालची अंधारी जागा. गाणं चार्टवर नाही म्हणजे शून्य ऐकलं गेलं असं नाही. त्या आठवड्यात २०० व्या क्रमांकाला जेवढे स्ट्रीम होते, त्याच्यापेक्षा जास्त त्याला मिळालेले नाहीत एवढंच नक्की. म्हणून प्रत्येक आठवड्याचा २०० व्या जागेचा आकडा वेगळा लिहून ठेवा. गाणं गैरहजर असलेल्या आठवड्यांतल्या त्या आकड्यांची बेरीज म्हणजे तुमच्या हिशेबातली जास्तीत जास्त चूक. शेजारच्या दोन गाण्यांतलं अंतर या चुकीपेक्षा लहान असेल तर त्यांच्या क्रमावर पैज लावू नका. वरच्या दहांत हा प्रश्न सहसा येत नाही, चाळिसाच्या पुढे पावलोपावली येतो.

स्पॉटिफायची 'रॅप्ड' म्हणून डिसेंबरच्या सुमारास येणारी रंगीत पानं हा चार्ट नव्हे. तो तुमच्या वैयक्तिक ऐकण्याचा गोषवारा आहे आणि तोही प्रकाशनाच्या काही आठवडे आधीपर्यंतचाच. मित्रमंडळींत मिरवायला उत्तम, तुलनेला निरुपयोगी. ॲपल म्युझिकची टॉप १०० रोज बदलते, पण आकडे देत नाही. नुसत्या क्रमांकांवरून वर्षाची बेरीज करायची म्हणजे १९९१ च्या आधीच्या गुणपद्धतीकडे परत जाणं. लास्ट एफएम या लोकांनी ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर वेगळी शिस्त आहे: गाणं ३० सेकंदांपेक्षा लांब हवं आणि निम्मं किंवा ४ मिनिटं, जे आधी होईल तेवढं वाजायला हवं. ३० सेकंदांत गाणं बदलणारे इथे गळतात, ही नियमाची जमेची बाजू. पण नोंद करणारी मंडळी हौशी आणि निवडक, त्यामुळे ती एका गटाची आवड समजावी.

यूट्यूबच्या चार्टवर आठवड्याची गाणी, व्हिडिओ आणि कलाकार वेगवेगळे मिळतात. गाण्यांच्या चार्टमध्ये एका गाण्याचे अधिकृत व्हिडिओ एकत्र धरतात, व्हिडिओच्या चार्टमध्ये प्रत्येक व्हिडिओ स्वतंत्र, तेव्हा दोन्हींतले आकडे एकमेकांत मिसळू नयेत. सप्टेंबर २०१९ पासून जाहिरातीवर पैसे ओतून मिळवलेले व्ह्यू चार्टमध्ये धरत नाहीत. त्याआधीचे पहिल्या २४ तासांचे विक्रम त्यामुळे जरा जपूनच घ्यावेत.

आयएफपीआयची यादी उशिरा, पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या आसपास येते. पण पूर्ण कॅलेंडर वर्ष आणि अनेक सेवांचे आकडे एका मापात बदलून धरणारी ती एकच मोठी जागतिक यादी आहे. त्यामुळेच तिचे २११ कोटी स्पॉटिफायच्या १६० कोटींपेक्षा मोठे दिसतात. ते वेगळ्या गाण्याचेही आहेत आणि वेगळ्या मापाचेही. जगभराचा एकच आकडा उद्धृत करायचा असेल तर हा घ्यावा. अमेरिकेत काय वाजलं यासाठी बिलबोर्ड. जुन्या नोंदी फुकटात तपासायला ऑफिशियल चार्ट्स. आणि काहीही सिद्ध करायचं असेल तर स्पॉटिफायच्या फाइल.

२०२६ चा हिशेब करणाऱ्यांनी दोन गोष्टी आत्ताच लिहून ठेवाव्यात. जानेवारीपासून बिलबोर्डच्या अल्बम चार्टवर एका अल्बमइतके मोजायला सशुल्क १,२५० ऐवजी १,००० आणि जाहिरातीसह ३,७५० ऐवजी २,५०० स्ट्रीम लागतात, आणि त्याच महिन्यात यूट्यूबने बिलबोर्डला आकडे देणं थांबवलं. बिलबोर्डचं वर्ष आधीच्याच रेघेवर कापलं तर एका वार्षिक यादीत दोन नियमांचे आठवडे येतील. दुसरं म्हणजे २०२६ मध्ये ५३ गुरुवार आहेत. त्यामुळे स्पॉटिफायच्या फाइल ५२ नव्हे तर ५३ निघतील, ओळी १०,६००, आणि मागच्या वर्षाशी एकूण बेरजेची तुलना करण्याआधी आठवड्याची सरासरी काढावी लागेल. २०२० लाही असंच होतं.